रोखण्यातला उशीर आणि दंडातली घाई



नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मंचरजवळ संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवून धरला होता. शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात अवघ्या तीन आठवड्यांच्या आसपास बिबट्याने तिघांचा जीव घेतला होता आणि त्यांत दोन लहान मुले होती. मी त्या दिवशी नारायणगावहून निघालो होतो आणि टोमॅटोच्या क्रेटने भरलेल्या एका पिकअपच्या मागे अडकून पडलो होतो. जुन्नर आणि आंबेगावच्या वाचकांना हे नवे सांगायला नको. आपल्याकडे उसाच्या फडातून बिबट्या निघतो तेव्हा तो घराचा धर्म पाहून निघत नाही. रस्त्यावर बसलेल्यांत आमच्या मोहल्ल्यातील माणसेही होती. सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न होता : सरकार आणखी किती जण मेल्यावर जागे होणार?

त्या गर्दीत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने मात्र वेगळेच विचारले. कोठेतरी एक बिबट्या पिंजऱ्यात सापडल्याची बातमी कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवली, तेव्हा तो म्हणाला, "घावला म्हणत्यात, पण त्योच हाय कशावरून?" कुणी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. रागावलेल्या जमावाला असला प्रश्न नको असतो. मला मात्र त्या प्रश्नाने एप्रिल महिन्यातील आमच्या मशिदीतील एका रात्रीची आठवण करून दिली, आणि आजचा हा लेख त्या रात्रीविषयी आहे.

२२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमधील पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ निरपराध माणसांना ठार केले. त्यांतील सहा जण महाराष्ट्राचे होते, दोघे पुण्याचे. पर्यटकांबरोबर एका स्थानिक मुसलमान घोडेवाल्यानेही तेथे प्राण गमावले. दोन दिवसांनी इशाच्या नमाजनंतर आमच्या जमातीचे जबाबदार लोक बसले. निषेधाचे निवेदन तयार करून घोडेगावला तहसील कार्यालयात द्यायचे ठरले. मराठीची पदवी असल्यामुळे लिहिण्याचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले. मी लिहिले, दोषींना तातडीने कठोर शासन व्हावे. तेव्हा मागच्या बाजूला बसलेले एक चाचा, जे पूर्वी एसटीत कंडक्टर होते, म्हणाले, "मौलाना, 'खऱ्या दोषींना' असे लिहा."

एका शब्दावर पाऊण तास चर्चा झाली. तरुणांपैकी काहींचे म्हणणे होते की हा शब्द घातला तर वाचणारा म्हणेल, बघा, यांना आतापासूनच शंका काढायच्या आहेत. मेलेल्यांच्या चिता अजून विझल्या नाहीत आणि यांना आरोपींची काळजी. एक जण म्हणाला की आपण मुसलमान आहोत, आपल्याला असे शब्द परवडत नाहीत. दुसरा म्हणाला की परवडत नाहीत म्हणूनच लिहिले पाहिजे. मी त्या रात्री कोणाच्याच बाजूने बोललो नाही. इमामाने गप्प बसण्याला लोक कधी कधी शहाणपण समजतात. त्या रात्री तो केवळ माझा गोंधळ होता.

गोंधळावरून आठवले. 'दहशत' हा शब्द आपण मराठीत सर्रास वापरतो. तो अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अरबी शब्दात भीतीपेक्षा अधिक अर्थ आहे तो भांबावून जाण्याचा, काय करावे ते न सुचण्याचा. मदरशात हा शब्द पहिल्यांदा भेटला तेव्हा मला त्याचे नवल वाटले होते, कारण मराठीतील त्याचा अर्थ माझ्या मनात पक्का बसला होता. आता वाटते, दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी येऊन मिळतात. निरपराध माणसांवर गोळ्या झाडणाऱ्याला हवे असते ते हेच, की मागे राहिलेल्यांनी भांबावून जावे. समाजाने एकमेकांकडे संशयाने पाहावे आणि सरकारला काय करावे ते सुचू नये. ज्या प्रमाणात सरकार भांबावते त्या प्रमाणात तो यशस्वी होतो. म्हणून सरकारच्या डळमळीतपणावर लोकांनी चिडणे हे चुकीचे नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार राज्यकर्ता हा रक्षक आहे आणि त्याच्या रक्षणाखालील माणसांविषयी त्याला जाब द्यावा लागेल, येथे आणि निर्णयदिनीही. जाब विचारणारी प्रजा ही त्या अर्थाने धर्माचेच काम करते.

पण जाब नेमका कशाचा विचारायचा?

मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला आठवा. दहा माणसे समुद्रमार्गे आली. हल्ला रात्री सुरू झाला आणि कमांडो पथक दिल्लीजवळच्या मानेसरहून निघून मुंबईत कामाला लागेपर्यंत दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. शेवटची गोळी २९ तारखेच्या सकाळी थांबली. १६६ माणसे गेली. नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने दाखवून दिले की इशारे आलेले होते, परंतु आलेल्या इशाऱ्यांचे पुढे काय करायचे याची नीट व्यवस्था नव्हती. ३ डिसेंबरला गेटवे ऑफ इंडियापाशी जो अफाट जनसमुदाय जमला, त्याचा राग शेजारी देशाइतकाच आपल्या पुढाऱ्यांवरही होता. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांना पदे सोडावी लागली. तो राग न्याय्य होता, असे मला तेव्हाही वाटले होते आणि आजही वाटते.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, शरीरात गोळ्या घेतल्या आणि त्याला जिवंत पकडून दिले. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या या माणसाने कोणाची परवानगी मागितली नाही की कसला पुरावा मागितला नाही. कोणी शहाणा मनुष्य त्याला पुरावा कोठे होता असे विचारणारही नाही.

येथे आपल्या फुकहांनी, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राच्या विद्वानांनी, केलेला एक भेद उपयोगी पडतो. चालून आलेल्या आक्रमकाला रोखणे ही एक गोष्ट आहे आणि गुन्हेगाराला दंड देणे ही दुसरी. किताबांमध्ये या दोहोंची प्रकरणेच वेगळी असतात. रोखण्यासाठी साक्षीदार लागत नाहीत, काझी लागत नाही. समोर तलवार उगारलेली दिसते, एवढे पुरे. तेथे थांबणारा मनुष्य निरपराधाच्या रक्ताला जबाबदार ठरू शकतो. दंडाचे मात्र उलट आहे. तेथे तलवार खाली पडलेली असते, रक्त सांडून गेलेले असते आणि प्रश्न असतो तो, हे कोणी केले? तेथे शंका उरली तर शिक्षा टाळावी, आणि न्यायाधीशाने चुकून शिक्षा करण्यापेक्षा चुकून सोडून देणे बरे, अशा आशयाची शिकवण हदीस-ग्रंथांत आली आहे.

२०१० साली मी वीस वर्षांचा होतो. १३ फेब्रुवारीला पुण्यात कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि १७ जण मृत्यू पावले. त्यानंतरच्या आठवड्यात मी मदरशातून घरी येत असताना शिवाजीनगरच्या एसटी स्थानकावर माझी पिशवी तीन वेळा उघडली गेली. आत दोन जोड कपडे, फिक्हची एक किताब आणि बी. ए.च्या मराठीच्या नोट्स होत्या. तिसऱ्या वेळी तपासणारे हवालदार नोट्स चाळून म्हणाले, "मौलाना, मराठीत बी. ए. करताय?" आणि त्यांनी स्वतःच पिशवीची चेन लावून दिली. घरी गेल्यावर अम्मीला वाईट वाटले. मला खरेच वाटले नव्हते. पिशवी उघडणे हे रोखणे आहे. ती माझीच वारंवार उघडली जाते हा प्रश्न निराळा, त्याविषयी पुन्हा कधीतरी. पण त्याच स्फोटाच्या खटल्यात पुढे जे घडले ते दंडाचे प्रकरण आहे. ज्या एका तरुणाला खालच्या न्यायालयाने २०१३ मध्ये फाशी सुनावली, त्याला मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्फोटाच्या मुख्य आरोपांतून मुक्त केले आणि स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी कायम ठेवली. मग बेकरीतील बॉम्बच्या खटल्याची आजवरची जमा काय? ज्यांची माणसे त्या बेकरीत गेली त्यांनी हा प्रश्न कोणाला विचारायचा?

वाचकहो, माझी तक्रार अशी आहे की आपल्या सरकारांनी, कोणत्याही एका पक्षाच्या नव्हे, हा भेद उलटा केला. जेथे धावायचे तेथे ती रेंगाळली आणि जेथे थांबून पाहायचे तेथे धावली. दोन्हींचे मूळ एकच आहे. शोध घेण्याचे, खातरजमा करण्याचे, कंटाळवाणे आणि चिकाटीचे काम टाळायचे, हे ते मूळ. कायद्यांचेही तसेच. टाडा आणला, १९९५ मध्ये तो मुदत संपून गेला. पोटा २००२ मध्ये आणला, २००४ मध्ये रद्द केला. कायदा कडक करणे हे सरकारला सोपे जाते, कारण ते एका अधिवेशनात होते. तपास एका अधिवेशनात होत नाही.

मालेगावचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे, तरी ते सांगतो. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शबे बरातचा दिवस. हमीदिया मशीद आणि मोठ्या कब्रस्तानच्या परिसरात जुम्याच्या नमाजनंतर स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली, बहुतेक सारे नमाजी आणि कब्रस्तानात दुआसाठी आलेले. राग प्रचंड होता आणि सरकारवर दडपणही प्रचंड होते. काही आठवड्यांतच अटका सुरू झाल्या आणि नऊ मुसलमान पुरुष तुरुंगात गेले. सरकार कार्यक्षम दिसले. तपास पुढे सीबीआयकडे आणि नंतर राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला, तेव्हा दिशा पालटली. दुसऱ्याच व्यक्तींवर आरोपपत्र ठेवले गेले. या नऊ जणांना पाच वर्षांनी जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. एक जण तो दिवस पाहायला उरला नव्हता.

आणि मुंबईच्या लोकलगाड्या. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी ठार झाले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, त्यांतील पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्व बाराही जणांना निर्दोष सोडले. त्यांतील एक जण तुरुंगातच वारलेला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरण्यापुरता स्थगित केला, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही. उच्च न्यायालयाने आपल्या निकालात एक चिंता व्यक्त केली, ती आपण सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे. तिचा आशय असा की गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा उभा केला तर लोकांना फसवे समाधान मिळते आणि खरा धोका मोकळाच फिरत राहतो. मंचरच्या रस्त्यावरील त्या शेतकऱ्याचा प्रश्न याहून वेगळा नव्हता. पिंजरा भरला म्हणून रानात भय उरले नाही, असे नाही. (माणसाला जनावराची उपमा देण्याचा माझा हेतू नाही, बिबट्याला नियत नसते, बॉम्ब ठेवणाऱ्याला असते. उपमा पिंजऱ्यापुरतीच घ्यावी.)

सूरह अन-निसाच्या १०५ व्या आयतीपासून पुढे जो प्रसंग पार्श्वभूमीला आहे, तो आपल्या घरांत मुलांना सांगितला जातो की नाही, मला ठाऊक नाही. सांगितला पाहिजे. तफसीरकारांच्या म्हणण्यानुसार मदीनेत तुअमा बिन उबैरक नावाच्या, स्वतःला मुसलमान म्हणवणाऱ्या माणसाने शेजाऱ्याचे चिलखत चोरले. ते पिठाच्या पोत्यात होते आणि पीठ सांडत गेले. संशय आपल्यावर येईल असे दिसताच त्याने ते एका यहुदी माणसाच्या घरी ठेवून दिले. माल त्याच्या घरात सापडला. तुअमाचे नातेवाईक प्रेषितांकडे (स.) आले आणि आपल्या माणसाची बाजू मांडू लागले. बाह्य पुरावा यहुद्याच्या विरोधात होता, त्याच्या जमातीशी संबंध ताणलेले होते, आणि आपलेपणाचे सारे दडपण एका बाजूला होते. त्या वेळी वही उतरली आणि यहुदी निर्दोष ठरला. ११२ व्या आयतीत स्पष्ट बजावले आहे की स्वतः गुन्हा करून त्याचे खापर निरपराधावर फोडणारा मनुष्य मोठ्या लांच्छनाचे आणि उघड पापाचे ओझे उचलतो. एका बिगर-मुस्लिम माणसावरील खोटा आळ दूर करण्यासाठी कुरआनच्या इतक्या आयती आहेत, याचा अभिमान आपण भाषणांतून बाळगतो. परंतु त्या आयतींचा रोख तुअमाच्या नातेवाइकांवरही आहे. आपला माणूस आहे म्हणून त्याची वकिली करू नका, हे त्या नातेवाइकांना सांगितले गेले. ही आज्ञा आपल्यालाही लागू आहे, आणि ती पाळणे अधिक कठीण आहे.

दुसरा प्रसंग खैबरचा, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेला. अब्दुल्लाह बिन सहल (रजि.) आणि मुहैय्यिसा (रजि.) कामानिमित्त खैबरला गेले. वस्ती यहुद्यांची होती. दोघे आपापल्या कामाला वेगळे झाले. मुहैय्यिसा परत आले तेव्हा अब्दुल्लाह रक्ताच्या थारोळ्यात मृत पडले होते. त्यांनी दफन केले आणि मदीनेला येऊन मृताच्या भावासह प्रेषितांपुढे (स.) गाऱ्हाणे मांडले. कल्पना करा त्या दुःखाची. शत्रूच्या वस्तीत आपला माणूस मारला गेला. आणखी कोण मारणार? प्रेषितांनी (स.) विचारले, तुमच्यापैकी पन्नास जण शपथेवर सांगतील का की अमक्याने मारले? त्यांनी प्रामाणिकपणे उत्तर दिले की आम्ही पाहिलेच नाही, तर शपथ कशी घ्यावी? मग खैबरच्या लोकांनी आपण मारले नाही अशा पन्नास शपथा घेतल्या तर त्यांची सुटका होईल, असे सुचवले गेले. ते यांना मान्य नव्हते. शेवटी प्रेषितांनी (स.) कोणालाही शिक्षा केली नाही, आणि मृताच्या वारसांना शंभर उंटांची दियत स्वतःच्या बाजूने दिली, कारण ते रक्त वाया जावे हे त्यांना रुचले नाही.

मी हा प्रसंग शिकलो तेव्हा उस्तादांनी तो कसामतचा, म्हणजे शपथांचा, नियम म्हणून शिकवला होता, आणि परीक्षेतही तेवढेच लिहायचे होते. आज त्यात मला राज्यकर्त्याचा निर्णय दिसतो. याला कोणी डळमळीतपणा म्हणेल का? खुनी सापडला नाही हे त्यांनी मान्य केले. संशयावरून कोणाला धरले नाही. आणि तरीही, सापडत नाही त्याला आम्ही काय करणार, असे म्हणून मृताच्या भावाला रिकाम्या हाती पाठवले नाही. रोखण्याची जबाबदारी शासनाची होती. ती पुरी पडली नाही, म्हणून भरपाईही शासनाने केली.

३१ जुलै २०२५ रोजी मालेगावच्या दुसऱ्या, म्हणजे २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटाचा निकाल लागला. तो स्फोट रमजानमध्ये भिक्कू चौकात झाला होता आणि सहा जण मरण पावले होते. आरंभीचा तपास हेमंत करकरे यांच्याकडे होता. ते २६ नोव्हेंबरला शहीद झाले. सतरा वर्षांनी सातही आरोपी निर्दोष सुटले. न्यायालयाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये देण्याचा आदेश दिला. रक्कम लहान आहे, पण रक्त वाया जाऊ नये हा विचार तेथे आहे. जे विनाकारण तुरुंगात राहिले त्यांच्यासाठी मात्र नियमाने काही नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात अशा लोकांना भरपाई देणारा कायदा सुचवला होता. तो अजून झालेला नाही. बनू जजीमाच्या वस्तीवर ह. खालिद (रजि.) यांच्या हातून घाईत चूक झाली, तेव्हा प्रेषितांनी (स.) हात उंचावून त्या कृत्याशी आपला संबंध नाही असे जाहीर केले आणि ह. अली (रजि.) यांना पाठवून प्रत्येक जिवाची भरपाई केली. सेनापती आपलाच होता, तरीही.

आता एक कबुली द्यायची आहे. २१ जुलैच्या निकालानंतरच्या शुक्रवारी मी मिंबरवरून अठरा-एकोणीस वर्षे तुरुंगात गेलेल्या त्या माणसांविषयी बोललो. आवाज भरून आला होता; लोकांचेही डोळे पाणावले. नमाजनंतर तेच कंडक्टर चाचा जवळ आले. ते म्हणाले, "मौलाना, गाडीत गेलेल्यांसाठी दुआ राहिली." मी उभा राहिलो. खरोखरच राहिली होती. विरार-बोरिवलीला घरी निघालेल्या त्या प्रवाशांपैकी एकाचाही उल्लेख माझ्या पंधरा मिनिटांत आला नव्हता. त्यांच्या घरच्यांना त्या सोमवारी कळले होते की एकोणीस वर्षांनंतर गुन्हेगार कोण ते कोणीच सांगू शकत नाही. मी आनंदित झालो होतो आणि ते दुसऱ्यांदा अनाथ झाले होते. तुअमाच्या नातेवाइकांचा गुण माझ्यात किती सहज शिरला! पुढच्या जुम्याला मी ती दुआ केली, पण राहिलेल्या दुआची कजा कशी असते ते मला माहीत नाही.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, हे सर्व ठीक आहे, पण न्यायाच्या या सावकाशीत दहशतवादी सुटून जातील. ही भीती मी हलकी मानत नाही. १२ मार्च १९९३ च्या मुंबई स्फोटांत २५७ माणसे गेली आणि त्या खटल्याचा निकाल लागायला सुरुवात झाली २००६ मध्ये. याला खातरजमा म्हणता येणार नाही, ही निव्वळ ढिलाई आहे. पण कसाबचाच खटला पाहा. साऱ्या जगाने ज्याचे बंदुकीसह छायाचित्र पाहिले होते, त्यालाही वकील मिळाला, साक्षी झाल्या, मे २०१० मध्ये शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. चार वर्षांच्या आत. आणि त्याच खटल्यात, त्याच न्यायाधीशांनी, त्याच्याबरोबर आरोपी असलेल्या दोन भारतीय मुसलमानांना पुरावा अपुरा म्हणून सोडून दिले. वरच्या न्यायालयांनीही ते मान्य केले. देश तेव्हा किती संतप्त होता हे आठवते ना? तरीही एकाच निकालात फाशी आणि सुटका दोन्ही बसल्या. वेग आणि खातरजमा एकत्र राहू शकतात; ज्याला काम करायचे आहे त्याला ते जमते.

आपल्या समाजाने त्या वेळी काही केले नाही असेही नाही. फेब्रुवारी २००८ मध्येच देवबंदला देशभरच्या उलेमांनी दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे जाहीर केले होते. नोव्हेंबरनंतर मुंबईच्या मुस्लिम संस्थांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा नाकारली आणि सरकारला त्यांचे दफन २०१० च्या जानेवारीत गुपचूप करावे लागले. दफन नाकारण्याच्या फिक्ही बाजूविषयी उलेमांत बरीच चर्चा झाली, तिच्यात मी येथे जात नाही. पण सामान्य मुंबईकर मुसलमानाच्या मनात काय होते ते त्यातून समजले.

एप्रिलमधील त्या रात्री हे सर्व माझ्या डोक्यात इतक्या स्पष्टपणे नव्हते. असते तर पाऊण तास लागला नसता. चर्चा थांबत नाही हे पाहून चाचांनी एवढेच विचारले, "चुकीचा माणूस धरला तर पहलगामला ज्यांनी मारले ते कुठे असतील?" तरुणांपैकी जो सर्वांत जोराने विरोध करत होता, तोच म्हणाला की मग आपण दोन वाक्ये लिहू, एकात दुःख आणि दुसऱ्यात मागणी, म्हणजे कोणी एकाचा अर्थ दुसऱ्यात मिसळणार नाही.

तसेच केले. पहिल्या परिच्छेदात मृतांविषयी लिहिले, पुण्याच्या दोघांविषयी आणि घोडेवाल्याविषयीही. दुसऱ्यात लिहिले की सुरक्षेत कोठे कसूर झाली याची चौकशी व्हावी आणि खऱ्या दोषींना शोधून विलंब न लावता शासन करावे. दुसऱ्या दिवशी आम्ही सात जण घोडेगावला गेलो. तेथील लिपिकाने निवेदन पूर्ण वाचले, 'खऱ्या' या शब्दाशी क्षणभर बोट थांबले, की मला तसे वाटले, ठाऊक नाही. मग त्यांनी दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारला, तारीख घातली आणि ती आमच्या हाती दिली. ती प्रत मशिदीच्या कपाटात, वीजबिलांच्या फाइलमध्ये आहे.